व्हेरिगेटेड होस्टाचे बी धरताना

सप्टेंबरमध्ये न्यू जर्सी, मिशिगन किंवा इंग्लंडमधल्या बागांत होस्टाच्या (सावलीत वाढणारे, पानांच्या शोभेसाठी लावले जाणारे बहुवर्षी झाड) फुलदांड्यांवर शेंगा भरू लागतात. तिकडे रोपे तयार करणाऱ्या मराठी मंडळींनी बी धरायची तयारी आताच करावी. (पुण्या-मुंबईच्या गच्चीवर हा खटाटोप करू नये. हिवाळ्यात काही आठवडे कडक थंडी मिळाली नाही, तर होस्टा खंगत जातो.)

मधमाशीने पराग कुठून आणले याची काळजी नको. व्हेरिगेटेड, म्हणजे दुरंगी, पानांवरचे पांढरे-पिवळे पट्टे बहुधा हरितलवकांतल्या (पानाला हिरवा रंग देणाऱ्या पेशीतल्या कणांतल्या) बदलाने येतात, आणि होस्टात हरितलवके आईकडूनच बियांत उतरतात. त्यामुळे सगळी मदार मातृझाडावर. 'पॅट्रियट'सारखा पांढऱ्या काठाचा वाण कितीही देखणा असो, तो काठ बियांतून येत नाही. रोपे सहसा एकरंगी निघतात. पानाचा मधला भाग पांढरा असेल, तर रोपेही पांढरी उगवतात आणि हरितद्रव्याअभावी मरतात. आई हवी ती पानभर अनियमित रेघा असलेली. 'डोरोथी बेनेडिक्ट' आणि 'बीट्रिस' या जाती पैदाशीसाठी नावाजल्या त्या याच गुणामुळे.

अशा झाडाच्याही सगळ्या शेंगा सारख्या नसतात. हिरव्या-पांढऱ्या रेघांची शेंग दिसली की तिला दोरा बांधून ठेवा. रेघाळ रोपे मिळण्याची शक्यता तिच्यात जास्त. मात्र शिरांच्या कडेने शाई पसरल्यासारखा रंग फुटलेला असेल, तर तो होस्टा व्हायरस एक्स असू शकतो. त्या झाडाचे बी धरू नका. हा विषाणू रसातून पसरतो, म्हणून दर झाडानंतर कात्री निर्जंतुक करा.

शेंगा तपकिरी होऊन उकलू लागल्या की, कडक हिमाआधी, काढून घ्या. काळे, टपोरे बी ठेवा. पांढरे, पापडीसारखे फोल असते. पेरणीआधी थंडी देण्याची गरज नाही. कुंडीतल्या ओलसर माती-मिश्रणावर बी पसरून वर त्याचाच पातळ थर द्या. घरातल्या उबेत, वीस-पंचवीस अंशांना, साधारण दोन आठवड्यांत उगवण दिसते. पाणी खालून द्या, नाहीतर रोपे मुळाशी कुजतात.

पांढरी रोपे जातील, त्यांचे वाईट वाटून घेऊ नका. हिरवी मात्र लगेच उपटू नका. काहींत रेघा तिसऱ्या-चौथ्या पानापासून दिसतात. रेघाळ रोप पुढे बहुतेकदा फक्त काठ वेगळ्या रंगाचा अशा रूपात स्थिरावते किंवा हिरव्याकडे झुकते. म्हणून दर वसंतात गड्डा तपासा आणि निव्वळ हिरवे कोंब मुळासकट वेगळे करा, कारण तेच जोमाने वाढून रेघाळ कोंबांना दाबून टाकतात.