दोन कॉलेजं एकत्र येतात तेव्हा: या चुका टाळा

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार असं कळलं की आमच्या मराठवाड्यात सामंजस्य करारांचा हंगाम सुरू होतो. एरवी एकमेकांच्या स्नेहसंमेलनालाही न जाणारे प्राचार्य शाल-श्रीफळ घेऊन एकमेकांच्या केबिनमध्ये दिसू लागतात. मागे बॅनर, त्यावर ‘सामाजिक समावेशन व गुणवत्ता विकास’. फोटो निघतो, बातमी येते, करार नॅकच्या तिसऱ्या निकषाच्या फाइलला लागतो. ज्या पोरांच्या नावाने हे सगळं झालं त्यांना पत्ताही नसतो.

सहकार्याला माझा विरोध नाही, उलट त्याची गरज मी रोज बघतो. तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्सला एकच कायम प्राध्यापक, इंग्रजीचे निम्मे तास सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या माणसांवर, आणि समोर घरातून कॉलेजात आलेली पहिलीच पिढी. शेजारच्या गावातल्या मोठ्या कॉलेजात प्रयोगशाळा आहे, माणसं आहेत, स्पर्धा परीक्षा केंद्र आहे. ते यांना मिळालं तर बीएस्सीच्या पहिल्याच वर्षी गळणारी किती तरी पोरं टिकतात. पण असले उपक्रम बहुतेक वेळा दिवाळीच्या सुट्टीत झोपतात ते उठतच नाहीत. कारणं दरवर्षी तीच. ती सांगून सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

वेळापत्रक एसटीला न विचारता लावणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही.

आमच्याच भागात तीन कॉलेजांनी मिळून पहिल्या वर्षासाठी गणित आणि इंग्रजीचा ब्रिज कोर्स, म्हणजे कच्चा पाया भरून काढणारा वर्ग, काढला होता. कल्पना उत्तम, शिकवणारे त्याहून उत्तम. वर्ग मोठ्या कॉलेजात, दुपारी साडेतीन ते पाच, कारण तेव्हा त्यांच्या खोल्या रिकाम्या असतात. पहिल्या आठवड्यात हॉल भरला. तिसऱ्या आठवड्यात गावातच राहणारी पोरं तेवढी उरली. मुली जवळजवळ सगळ्या गेल्या. अहवालात काय लिहावं? ‘ग्रामीण विद्यार्थिनींमध्ये उपक्रमाबाबत उदासीनता दिसून आली.’ हे वाक्य मी स्वतः वाचलं आणि बैठकीत आवाज चढला माझा.

खरं कारण लहान कॉलेजच्या शिपायाने बैठकीबाहेर उभ्या उभ्या सांगितलं. “सर, चारची गाडी गेली की त्या लाईनला थेट मुक्कामी गाडी. ती साडेसातला सुटती. पोरी अंधारात उतरत्याल, घरचे पाठवत्याल का?” तिन्ही कॉलेजांतल्या एकाही प्राध्यापकाने आगाराचं वेळापत्रक बघितलं नव्हतं. सगळ्यांकडे दुचाक्या.

त्यात दुसरा पेच पासचा. एसटीचा विद्यार्थी पास म्हणजे भाड्यात ६६.६७ टक्के सवलत, पण तो घर ते स्वतःचं कॉलेज एवढ्याच मार्गाचा. शेजारच्या गावच्या कॉलेजात जायचं तर तो चालत नाही. मार्च २०२३ पासून बायका-मुलींना अर्धं तिकीट झालं, तेवढा आधार. पोरांना पूर्ण भाडं. ज्याच्यासाठी कोर्स काढला त्याच्याच खिशातून रोजचं जादा भाडं काढायचं आणि वर त्याला उदासीन म्हणायचं.

शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची सुरुवात केली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणलं. कॉलेज काढलं ते १९४७ मध्ये. आधी राहायची-जेवायची सोय, मग वर्ग, हा क्रम त्यांना कळत होता. आपण क्रम उलटा लावतो आणि पटसंख्या का घसरली म्हणून समिती नेमतो.

माझी सवय अशी: संयुक्त उपक्रमाच्या पहिल्या बैठकीला कागद दोनच. एक आगाराचं वेळापत्रक, दुसरा विद्यार्थ्यांच्या गावांची यादी, लाईननुसार मांडलेली. त्यावरून वेळ ठरते. आणि शक्य असेल तिथे पोरं हलवायची नाहीत, मास्तर हलवायचा. एक माणूस दुचाकीवर वीस किलोमीटर गेला तर चाळीस जणांचं भाडं वाचतं. यावर ‘टीए-डीए कोण देणार’ हा प्रश्न येतोच. तो करारात लिहा. शाल-श्रीफळाच्या खर्चात आठवडाभराचं पेट्रोल होतं.

मुंबईचं मॉडेल उचलून आणणं

डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज एकत्र आहेत. एचएसएनसी विद्यापीठात केसी आणि एचआर चर्चगेटला शेजारी-शेजारी. तिथला विद्यार्थी एका कॉलेजातून दुसऱ्यात चालत जातो. त्यांचं सादरीकरण बघून तालुक्यातल्या दोन कॉलेजांत ‘क्लस्टर’ (कॉलेजांचा समूह) करू निघालेल्यांनी मधलं अंतर आधी मोजावं.

करार प्राचार्यांचा, काम लिपिकांचं

विविधता, समावेशन हे शब्द बॅनरवर शोभतात. प्रत्यक्षात मागास घरातलं पोरगं कॉलेजात टिकतं की नाही हे पुष्कळदा कार्यालयातल्या एका टेबलावर ठरतं. ते टेबल शिष्यवृत्तीचं.

एका ठिकाणी चार कॉलेजांनी मिळून ‘संयुक्त शिष्यवृत्ती मदत केंद्र’ काढलं. मोठ्या कॉलेजात खोली, संगणक, फलक, उद्घाटनाला पाहुणे. पोरं भाडं खर्चून आली आणि उत्तर घेऊन गेली, “तुमच्या कॉलेजात विचारा.” दुसरं काय सांगणार? महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा अर्ज विद्यार्थ्याने भरला की त्याच्याच कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथे लिपिक तपासतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनवरून पुढे समाजकल्याणकडे. दुसऱ्या कॉलेजच्या माणसाला तो अर्ज दिसतही नाही. त्रुटी काढून परत आलेला अर्ज विद्यार्थ्याच्या खात्यात तसाच पडून राहतो. ज्या नंबरवर मेसेज यायचा ते सिम त्याने केव्हाच बदललेलं असतं.

केंद्र बंद पडलं. कामाला आली ती वेगळीच गोष्ट: चार लिपिकांना एकत्र बसवणं. भाषण नाही, पाहुणा नाही, चहा आणि चार लॉगिन. प्रत्येकाकडे एकेक किल्ली होती जी दुसऱ्याला ठाऊक नव्हती. एकाला दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर काय करायचं ते पक्कं माहीत. दुसरी बाई खंड प्रमाणपत्राच्या (शिक्षणात मध्येच वर्ष गेलं तर लागतं ते) भानगडीत पटाईत.

तिसऱ्याने सांगितलेली गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येक पोराला सांगतो. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातात असं पोरांना वाटतं. ते जातात आधार ज्या बँकेला शेवटचं जोडलं तिथे. एका मुलीची शिष्यवृत्ती ‘आलीच नाही’ म्हणून आईने दोन वेळा मजुरी बुडवून कॉलेजचे खेटे घातले. पैसे आले होते. मोबाइलच्या दुकानात सिम घेताना अंगठा घेऊन कुणीतरी तिचं पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं, त्यात जाऊन पडले होते. असं खातं आपल्या नावावर आहे हे तिला माहीतच नव्हतं. लिपिकाने आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती काढून दाखवली, तेव्हा उलगडा झाला.

हे कुठल्या करारात येतं? लिपिकांचा व्हॉट्सॲप ग्रुप करा, बस. आणि त्यात प्राचार्यांना घेऊ नका. प्राचार्य आले की ग्रुपवर फक्त सुविचार आणि वाढदिवस उरतात.

‘स्लो लर्नर’ची यादी फलकावर लावणं

नॅकच्या दुसऱ्या निकषात विद्यार्थ्यांमधल्या विविधतेचा विचार करा असं म्हटलं होतं. तिथे संथ आणि पुढे असलेले विद्यार्थी ओळखून त्यांच्यासाठी वेगळं काही करावं अशी अपेक्षा होती. हेतू ठीक. पण आमच्याकडे तो कसा उतरतो? पहिल्या चाचणीचे गुण काढायचे, खालची नावं टाइप करायची, वर मथळा ‘स्लो लर्नर्स’, शेजारी प्रवर्गाचा रकाना. ही यादी फलकावर. हल्ली त्याहून सोपं, वर्गाच्या ग्रुपवर पीडीएफ. दोन-तीन कॉलेजांचा एकत्र वर्ग असेल तर यादी तिन्हीकडे फिरते, म्हणजे बेअब्रूही तिपटीने.

प्रवर्गाचा रकाना का, असं विचारलं तर उत्तर ‘अहवालाला लागतो’. मग अहवालात टाका ना! फलकावर कशाला? २०१२ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनी प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असं सांगितलंय. त्या कक्षाची पाटी असलेल्या खोलीबाहेरच अशी यादी चिकटवलेली मी पाहिली आहे.

यादीतली पोरं वर्गाला येत नाहीत, यात आश्चर्य काय? ज्याला दहावीपर्यंत मराठीतून चांगलं कळत होतं, तो इंग्रजी पुस्तकापुढे अडखळला की लगेच ‘संथ’ होतो. घरात पावरी नाहीतर गोरमाटी बोलणाऱ्या पोराला मराठी हीच शाळेत शिकलेली दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. त्याची अडचण गणिताची असते की गणिताच्या प्रश्नाची, हे बघायला कुणी थांबत नाही. मी वर्ग सगळ्यांना खुला ठेवतो, नाव ‘सराव वर्ग’. ज्यांनी यावंच असं वाटतं त्यांना एकेकाला बोलावून सांगतो. पहिले पंधरा दिवस प्रश्न मराठीत सांगायचा, उत्तर इंग्रजीत लिहून घ्यायचं. वेळ जातो. झटपट निकाल हवा असणाऱ्यांनी गाइड वाटावीत, माझ्याकडे येऊ नये.

समन्वयक म्हणून सीएचबीवाल्याला जुंपणं

नवीन आहे, नाही म्हणू शकत नाही, संगणक येतो. एवढ्या पात्रतेवर तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला समन्वयक करतात. त्याला पैसे शिकवलेल्या तासांचे, समन्वयाचे शून्य. सत्र संपलं की नेमणूक संपली, आणि त्याच्याबरोबर दोन्ही कॉलेजांचे फोन नंबर, हजेऱ्या, पोरांशी जुळलेला विश्वास, सगळं गेलं. पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात. कायम माणूस द्या, आणि तो निवृत्तीला टेकलेला नको.

आणखी काही, थोडक्यात

एका व्याख्यानाला ‘मेंटॉरिंग’ म्हणू नका. पाहुणा आला, बोलला, गेला, त्याला व्याख्यानच म्हणतात.

कोर्सला क्रेडिट नसेल तर पोरांना आधीच सांगा. संलग्न कॉलेजला आपल्या मनाने क्रेडिट देता येत नाहीत, विद्यापीठाची मान्यता लागते. ‘एबीसीमध्ये (क्रेडिट साठवायच्या ऑनलाइन खात्यात) जमा होतील’ असं तोंडी आश्वासन देणाऱ्यांपासून लांब राहा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं दिवाळीच्या सुमारास कमी होतात. हे दरवर्षी होतं, तरी दरवर्षी अनपेक्षित असतं. कारखान्याच्या भागातल्या कॉलेजशी बोलून तिथे अभ्यासिकेत बसायची सोय करता येते. त्याला पत्र पुरतं, करार लागत नाही.

एकत्रित निकाल टक्केवारीत दाखवून खूश होऊ नका. कोण गळालं ते बघा. परीक्षेला न बसलेला विद्यार्थी टक्केवारी बिघडवत नाही, हाच तर घोटाळा आहे.

जुलैत सुरुवात करणं

नव्या उत्साही मंडळींची ही खास चूक. सत्र सुरू होतंय, जोश आहे, चला शेजारच्या कॉलेजशी बोलू. अहो, जुलैत तेच कॉलेज तुमचं प्रतिस्पर्धी असतं. विद्यार्थी घटले की वर्कलोड घटतो, वर्कलोड घटला की पद जातं, म्हणून दोन्हीकडचे प्राध्यापक प्रवेशासाठी त्याच गावांत, त्याच सरपंचाच्या ओट्यावर बसलेले असतात. त्यात तुम्ही ‘आपण विद्यार्थ्यांची यादी एकमेकांना देऊ’ म्हणालात की समोरचा हसून चहा पाजतो आणि यादी कधीच येत नाही. त्याच्या जागी मीही दिली नसती.

प्रवेश बंद होऊ द्या. पोळा झाला की फोन करा. बैठक लहान कॉलेजात ठेवा, मोठ्यात नको. दोन्ही कार्यालयांतले शिष्यवृत्तीचे लिपिक हजर असू द्या. आणि पहिल्याच बैठकीत लेखी ठरवा की या उपक्रमात आलेला विद्यार्थी पुढच्या वर्षी आपल्याकडे ओढायचा नाही. एवढी एक ओळ लिहायला जो तयार नसेल त्याच्याशी पुढचं बोलू नका.