हिरो सुधरणारच नसंल तर स्पोर्ट्स अ‍ॅनिमेची स्टोरी कशी लिहायची

आमच्या ग्रुपमधली तीन-चार पोरं सध्या स्वतःची स्पोर्ट्स अ‍ॅनिमेची स्टोरी (म्हणजे खेळावरची जपानी कार्टून मालिका असते तसली) लिहायलेत, कोल्हापूरच्या फुटबॉलवर, आणि सगळ्यांचा हिरो सेम, उर्मट, कुणाला पास न देणारा आणि शेवटपर्यंत तस्साच राहणारा. आयडिया मला मनापासून आवडते. पण वाचायला घेतलं की दोनच गोष्टी होतात, एकतर सहाव्या एपिसोडला कंटाळा येतो नाहीतर शेवटी हिरो पावसात रडून सगळ्यांची माफी मागतो, म्हणजे लेखकच घाबरला. म्हणून मला जे कळलंय ते लिहितोय, करून बघा.

पहिलं म्हणजे खेळ आणि स्वभाव वेगळे ठेवा. स्पोर्ट्स अ‍ॅनिमेचं इंजिनच प्रॅक्टिस आहे, हरला, घाम गाळला, शिकला, जिंकला. स्लॅम डंक ह्या बास्केटबॉलच्या मंगामध्ये, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये, हिरो साकुरागी 20,000 शॉट मारतो आणि त्या शॉटांबरोबर माणूस म्हणून पण घडत जातो. तुमच्या हिरोनं 20,000 शॉट मारावेत, जरूर मारावेत, त्याचा डावा पाय उजव्यासारखा चालायला लागू दे, फक्त ड्रेसिंग रूममध्ये आल्यावर तो पहिल्या दिवसासारखाच बोलला पाहिजे. आणि नुसता इगो असला म्हणजे हिरो वाढत नाही असं पण नाही बरं का, फुटबॉलच्या ब्लू लॉकमध्ये 300 स्ट्रायकर कोंडून त्यांना स्वार्थीच व्हायला शिकवतात, पण त्यातला हिरो इसागी प्रत्येक मॅचला नवीन काहीतरी शिकतोयच. तो तुमचा नमुना नव्हे.

नमुना पाहिजे असंल तर वन आउट्स बघा, 2008 ला आलेला, 25 एपिसोड, बेसबॉलचा. हिरो तोकुची तोआ पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आहे पण मूळचा जुगारी, बॉल काय फार फास्ट नाही, समोरच्याचं डोकं वाचून खेळतो. टीमच्या मालकाबरोबर त्याचं काँट्रॅक्ट असं की एक आउट काढला की 50 लाख येन मिळणार आणि एक रन दिला की 5 कोटी येन जाणार, म्हणजे दहा आउटची कमाई एका रनमध्ये साफ. आता ह्यात लिहिणाऱ्यानं बघायचं काय, तर तोकुची कुठं बदलत नाही, पण प्रत्येक बॉलला हिशोब चालू असतो त्यामुळं आपण हलत नाही जागेवरनं. आणि बदलतं कोण, तर टीम. तळाला असलेली, हरायची सवय लागलेली टीम ह्या माणसाच्या शेजारी उभं राहून खेळायला लागते.

माझं म्हणणं एवढंच आहे की हिरो बदलणार नसंल तर त्याच्या वागण्याचा भुर्दंड कुणाला पडतो ते प्रत्येक एपिसोडला दिसलं पाहिजे.

हे मला अ‍ॅनिमे बघून कळलं नाही, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर कळलं. आमच्या भागात एक स्ट्रायकर होता, नाव नको, पास कधी द्यायचा नाही, स्वतःच्याच टीमच्या पोरांना भर मैदानात शिव्या घालायचा, आणि गोल मात्र असले मारायचा की अख्खी पेठ गॅलरीत उभी. एका मॅचला आमच्या गोलीनं टायब्रेकरला दोन पेनल्टी अडवल्या, शेवटची किक ह्यानं मारली आणि जिंकलो. गुलाल उधळला, पोरांनी ह्याला खांद्यावर घेतला, हलगी चालू, आणि गोली पोस्टला टेकून एकटा बसून ग्लोव्हज काढत होता. पुढच्या सीझनला गोली आलाच नाही. मी त्या दिवशी खांद्यावर घेणाऱ्यांतच होतो.

हा सीन तुमच्या स्टोरीत असाच घाला असं म्हणत नाही, पण असला एक माणूस पाहिजेच, आणि त्याला तिसऱ्या एपिसोडच्या आत नाव, घर, सवय सगळं द्या. पहाटे गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायला येणारा असू दे, बहिणीच्या स्कूटीवरनं प्रॅक्टिसला येणारा असू दे, पण तो गेल्यावर वाचणाऱ्याला जागा रिकामी दिसली पाहिजे. आणि पेठेला पण सोडू नका. तालमीतली, म्हणजे पेठेची टीम चालवणाऱ्या मंडळातली, वडीलधारी माणसं ह्या पोराला का सांभाळून घेतात, तर समोरच्या पेठेबरोबर ईर्षा आहे आणि गोल हाच मारतो. तो उर्मट राहतो कारण त्याला कुणी थांबवत नाही, हे जितकं नीट लिहाल तितकी स्टोरी खरी वाटंल.

मग त्याला सुधारायची संधी द्या. खरीखुरी द्या, निदान तीनदा. एकदा कोच समजावतो, एकदा आई काहीच न बोलता ताट वाढून आत निघून जाते, एकदा त्याला स्वतःलाच कळतं की शेजारचा मोकळा आहे आणि पास दिला तर गोल नक्की. त्यानं बघितलं पाहिजे, अर्धा सेकंद थांबलं पाहिजे आणि तरी स्वतःच मारलं पाहिजे. बॉल आत गेला तर अजून बरं. हे न करता नुसताच उर्मट दाखवला तर तो माणूस वाटत नाही, भिंत वाटते.

लहानपणाचा दुःखाचा फ्लॅशबॅक टाळा. बाप मारायचा, मित्र फसवून गेला वगैरे आलं की वाचणारा लगेच माफ करून टाकतो आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात.

शेवटच्या एपिसोडला फायनल जिंकवा, हरवू नका. हरला की लोक म्हणतात बरं झालं, जिरली, आणि विषय तिथंच मिटतो. जिंकवा, गुलाल उडवा आणि मग पुढच्या सीझनच्या पहिल्या प्रॅक्टिसला या. सकाळची वेळ, मैदान अजून ओलं, तो लेसा बांधतोय, नंबर तोच. नवीन आलेलं सोळा वर्षांचं पोरगं लांबनं हात वर करून बॉल मागतंय. तो बघतो आणि गोलकडं निघतो.