आयरिश शब्दाची व्युत्पत्ती कशी शोधावी : ‘ग्लून’ म्हणजे गुडघा

आयरिश भाषेत ‘ग्लून’ म्हणजे गुडघा, आणि ‘ग्लून’ म्हणजेच पिढी. असा शब्द तपासायला घेताना प्रथम त्याचे कोशातील रूप निश्चित करावे. आयरिशमध्ये शब्दाचे आद्य व्यंजन वाक्यातील स्थानानुसार बदलते. ‘माझा गुडघा’ म्हणताना ‘ग’ घर्षक होतो, म्हणजे हवा घासत बाहेर पडून उच्चारला जातो, आणि लेखनात त्याच्यापुढे ‘एच’ येतो, तो वगळूनच शब्द शोधावा लागतो. आयरिशसाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या खास गेलिक ठशांत छापलेल्या मजकुरात या ‘एच’ऐवजी अक्षरावर टिंब असते.

आजच्या अर्थांसाठी नीअल ओ डोनिल यांचा १९७७ चा आयरिश-इंग्रजी कोश पुरेसा आहे. जुन्या अर्थांसाठी मात्र रॉयल आयरिश अकादमीचा, १९१३ ते १९७६ या काळात भागाभागाने निघालेला कोशच उघडावा, कारण त्यात प्रत्येक अर्थाखाली मूळ ग्रंथांतील उतारे दिलेले आहेत. तेथे ‘ग्लून’चा अर्थ गुडघा, तसाच पिढी किंवा नात्याची पायरी असाही आढळतो, म्हणजे दुसरा अर्थ अलीकडचा नव्हे. विशेषनामेही पाहावीत. ९१९ मध्ये डब्लिनजवळच्या लढाईत मारला गेलेला राजा नीअल ‘ग्लूनडुव’, म्हणजे काळ्या गुडघ्याचा, म्हणून ओळखला जाई आणि ओनील हे आडनाव त्याच्यापासून आले.

यानंतर सजातीय, म्हणजे एकाच मूळ भाषेतून निघालेल्या, भाषांकडे वळावे. वेल्श आणि ब्रेटन भाषांत गुडघ्याला ‘ग्लिन’ म्हणतात. संस्कृत ‘जानु’ आणि लॅटिन ‘गेनू’ हे शब्दही त्याच कुळातले. केल्टिकमध्ये, म्हणजे आयरिश, वेल्श आणि ब्रेटन ज्या शाखेतल्या तिच्यात, दोन ‘न’ जवळ आल्याने पहिल्याचा ‘ल’ झाला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. असा ध्वनिबदल दाखवता आला, तरच नाते मानावे. नुसत्या साम्यावर विसंबू नये.

गुडघ्याचा अर्थ पिढीपर्यंत कसा पोहोचला, हा यातील सर्वांत रोचक आणि सर्वांत निसरडा भाग आहे. बाप मुलाला गुडघ्यावर घेऊन त्याचा स्वीकार करी, हे स्पष्टीकरण मोहक असले तरी तेवढ्यावर थांबू नये. रशियनमध्ये ‘कलेना’ म्हणजे गुडघा आणि ‘पकलेनिये’ म्हणजे पिढी. फिनिश तर वेगळ्या भाषाकुळातली, तरीही तिच्यात ‘पोल्वी’ या एकाच शब्दाला दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळे हे स्पष्टीकरण केवळ आयरिश चालीरीतींत शोधणे मला अपुरे वाटते. आयरिशमध्ये सुईणीला ‘बॅन घ्लून्य’, म्हणजे गुडघ्याची बाई, म्हणतात. हा शब्दप्रयोग टिपणात घ्यावा, पण पिढीच्या अर्थाचा पुरावा म्हणून नव्हे, स्वतंत्र नोंद म्हणून.