फॉर्मवर ‘सिरिंगोमा’ लिहिण्याआधी

स्कीनला, म्हणजे त्वचारोग विभागात, जेआर-वन (पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर) म्हणून रुजू झालात की घामग्रंथींच्या गाठी बराच काळ पुस्तकातच भेटतात. ओपीडी नायटा, खरूज आणि स्टिरॉइड क्रीमने वाट लागलेल्या चेहऱ्यांनीच भरलेली असते. त्यामुळे परीक्षेपुरत्या अक्षरांच्या क्लृप्त्या घोकून हा धडा मिटवायची रीत पडली आहे. मला ती अजिबात पटत नाही. दुखऱ्या गाठींची यादी धडाधड म्हणणारी मुलं गाठ दाबून ‘दुखतं का?’ विचारायलाच विसरतात. स्पायराडेनोमाचा (घामग्रंथीच्या एका दुखऱ्या गाठीचा) संशय बऱ्याचदा त्या एका प्रश्नावरच येतो.

दोन्ही खालच्या पापण्यांवर त्वचेच्याच रंगाचे, बारीक, टणक दाणे आणि पेशंट बाई, असं असेल तर सिरिंगोमा, म्हणजे घामनलिकेची निरुपद्रवी गाठ, म्हणायला कचरू नका. बायोप्सीही बहुधा लागत नाही. पिवळे, चपटे असतील तर झँथेलास्मा, म्हणजे चरबीचे साठे. गळ्यावर-छातीवर घोळक्याने उठले तर मात्र लायकेन प्लॅनस (खाजऱ्या, चपट्या पुटकुळ्यांचा त्वचारोग) किंवा चपटे मस समजून मलमं देत बसू नका, तुकडा घ्या.

खरा सापळा पुढे आहे. वरच्या ओठावर किंवा गालावर, एकाच बाजूला, वर्षानुवर्षं इंचाइंचाने पसरलेला कडक चट्टा. चेहऱ्यावर व्रण नको म्हणून वरवरचा शेव्ह, म्हणजे ब्लेडने तासलेला पातळ तुकडा, घेतला जातो. स्लाइडवर छोट्या नलिका, काहींना बेडकाच्या पिल्लासारखी शेपटी, पेशी साध्याभोळ्या. रिपोर्ट येतो ‘सिरिंगोमा’ आणि सगळे खूश. आमच्याकडे अशी स्लाइड गेली तेव्हा पॅथॉलॉजीच्या मॅडमनी फोन करून एवढंच विचारलं, “अरे, खालचं कुठंय?”

कारण १९८२ मध्ये वर्णन झालेला मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमा वरच्या थरात हुबेहूब असाच दिसतो. सिरिंगोमा वरच्या डर्मिसमध्ये (त्वचेच्या आतल्या थरात) थांबतो, आटोपशीर असतो. हा कॅन्सर खाली पेशींच्या बारीक रांगा करत चरबीत, स्नायूत घुसतो आणि नसांभोवती पसरतो. म्हणजे फरक पेशींच्या चेहऱ्यात नाही, खोलीत आहे. आणि नेमकी तीच खोली शेव्हमध्ये नसते. पुन्हा सांगतो, रिपोर्ट चुकीचा नसतो, तुकडा अपुरा असतो. तेव्हा ‘इथे बधिर वाटतं का, मुंग्या येतात का?’ हे विचाराच. पंच (तुकडा घ्यायची गोल, पोकळ पात्याची सुरी) पूर्ण खोल न्या, तुकडा चिमट्यात चिरडू नका, सुईने अलगद उचला आणि बुडाशी कापा. गालावर बुडाला पिवळी चरबी दिसली की जमलं. बायोप्सीच्या फॉर्मवर नुसतं प्रश्नचिन्ह आणि ‘सिरिंगोमा’ लिहून पाठवू नका. जागा, किती वर्षं, एक बाजू की दोन, बधिरपणा, सगळं लिहा. शंका राहिली तर खोल बायोप्सी परत घ्या. पॅथॉलॉजिस्टशी दोस्ती करा, कोणत्याही कोचिंगपेक्षा ती जास्त शिकवते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून निदान मागणाऱ्यांचं मात्र माझ्याशी जमत नाही.

घाबरू मात्र नका. हा कॅन्सर दुर्मीळ आहे आणि पापणीवरचे दाणे दाणेच असतात.

उपचारात उलटा पेच. सिरिंगोमा डर्मिसमध्ये असतो. वरून जाळला तर परत येतो, खोल जाळला तर व्रण. आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग पडायला वेळ लागत नाही. रेडिओफ्रिक्वेन्सी असो वा सीओटू लेझर, आधी एक-दोन दाण्यांवर करून पाहा. ‘मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे हो डॉक्टर’ म्हणणाऱ्या काकूंना नाही म्हणायला शिका.

बाकीच्यांचं सोपं आहे. तळपायावरचा लालसर, रक्ताळणारा गोळा आणि भोवती खाच दिसली की पोरोमा (घामनलिकेचीच आणखी एक साधी गाठ) आठवा; कॉर्न कॅप लावून तो जात नाही, काढावाच लागतो. डोक्यावर सिलिंड्रोमाच्या (या कुळातल्याच साध्या प्रकारच्या) अनेक गाठी असतील तर घरात आणखी कुणाला आहेत का ते विचारा, सीवायएलडी जनुकाचा दोष असू शकतो. जुनी गाठ अचानक वाढली किंवा फुटली तर लगेच काढून तपासायला पाठवा.

आणि उन्हाळ्यात चुलीपुढे राबणारी बाई डोळ्यांभोवती निळसर, पाण्यासारखे फुगे घेऊन आली तर कॉटरी (जाळायचं यंत्र) उचलण्याआधी ‘थंडीत कमी होतात का?’ विचारा. हो म्हणाली तर एक्राइन हिड्रोसिस्टोमा, म्हणजे घामनलिकेची पाण्याने भरलेली गाठ, असण्याची शक्यता मोठी. सुईने टोचलं की स्वच्छ पाणी येतं. पण तेवढ्याने ते पुन्हा भरतात, हे तिला आधीच सांगून ठेवा.