अमेरिकेत जुनी गाडी दान करताना: कागद आधी, टो ट्रक नंतर

भारतात परत जायचं ठरलं, किंवा मुलं शिकायला बाहेर पडली आणि ड्राइव्हवेत एक गाडी नुसती उभी राहू लागली, की ती दान करावी असं मनात येतं. जरूर करा. पण गाडी उचलायला फोन करण्याआधी संस्था आणि टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) नीट तपासा.

संस्थेचं नाव किंवा ईआयएन (तिचा कर-ओळख क्रमांक) आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याच्या, संकेतस्थळावर शोधून ती ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहे ना, हे बघा. जाहिरात एका संस्थेची असते, पण बरेचदा गाडी नेणारी आणि लिलावात विकणारी कंपनी वेगळीच असते. ती आपला वाटा कापून उरलेले पैसे संस्थेला देते. हे बेकायदा नाही, मात्र विक्रीतला किती हिस्सा संस्थेच्या हातात पडतो, हे सरळ विचारा. उत्तर देताना टाळाटाळ झाली, तर दुसरी संस्था गाठा. गावाकडच्या शाळेला थेट दिलेल्या दानावर अमेरिकेत करसवलत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आता टायटल. कर्ज फिटलं असलं, तरी टायटलवर बँकेचं नाव राहिलेलं असू शकतं. तसं असेल तर बँकेकडून लीन रिलीजचं, म्हणजे गाडीवरचा बँकेचा हक्क सुटल्याचं, पत्र आधी मागवून घ्या. टायटलवर नवरा-बायको दोघांची नावं 'आणि'ने जोडलेली असतील, तर दोघांच्याही सह्या लागतात. हस्तांतराच्या भागात खरेदीदाराची ओळ असते, तिथे संस्थेचं पूर्ण नाव लिहा. टो ट्रकवाला म्हणेल, 'फक्त सही करा, बाकी आम्ही भरू.' ऐकू नका. ती ओळ कोरी राहिली, तर गाडी कागदोपत्री तुमचीच राहू शकते आणि पुढचे टोल, पार्किंगचे दंड तुमच्या पत्त्यावर येतात. लिहिताना चूक झाली तर खाडाखोड नको, व्हाइटनर तर मुळीच नको. बहुतेक ठिकाणी तसं टायटल स्वीकारत नाहीत आणि डुप्लिकेट काढावं लागतं. सही करण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा, केल्यावर पुन्हा एकदा.

नंबर प्लेटचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत प्लेट काढून परत करायच्या आणि विमा त्यानंतरच बंद करायचा. क्रम उलटा झाला, तर न्यूयॉर्कमध्ये रजिस्ट्रेशन निलंबित होऊ शकतं. कॅलिफोर्नियात साध्या प्लेट गाडीबरोबरच जातात, पण पाच दिवसांत डीएमव्हीला (राज्याच्या वाहन खात्याला) 'रिलीज ऑफ लायबिलिटी'ची, म्हणजे गाडीची जबाबदारी आता तुमची नाही याची, नोंद द्यायची असते. टोलचा टॅग, गॅरेजचं रिमोट आणि गाडीच्या स्क्रीनमध्ये साठलेले फोन नंबर, घराचा पत्ता हे आठवणीने काढा.

कराच्या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज असतो. केली ब्लू बुक (जुन्या गाड्यांच्या अंदाजे किमती सांगणारं संकेतस्थळ) ३,००० डॉलर दाखवतं आणि संस्थेने गाडी लिलावात ९०० ला विकली, तर वजावट ९०० चीच. विक्री ५०० किंवा त्याहून कमी झाली, तर बाजारभाव आणि ५०० यांपैकी जो आकडा लहान, तो धरायचा. संस्थेने गाडी स्वतःच्या कामासाठी खरोखर वापरली, तिची मोठी दुरुस्ती केली किंवा एखाद्या गरजू कुटुंबाला नाममात्र किमतीत दिली, तरच बाजारभाव धरता येतो. मात्र संस्थेने ते लेखी द्यायला हवं.

तो लेखी कागद म्हणजे फॉर्म १०९८-सी. संस्थेने गाडी विकली असेल, तर विक्रीपासून ३० दिवसांत तो तुम्हाला मिळायला हवा. चौकट ४सी मध्ये विक्रीची रक्कम असते. वजावट ५०० च्या वर असेल, तर त्याची प्रत आणि फॉर्म ८२८३ (पैशांव्यतिरिक्तच्या दानाचा फॉर्म) दोन्ही रिटर्नला जोडावे लागतात. १०९८-सी नसेल, तर ५०० च्या वरची वजावट मिळत नाही.

आणि हे सगळं तुम्ही आयटेमाइज करत असाल, म्हणजे घरकर्जाचं व्याज, दान अशा वजावटी एकेक करून मांडत असाल, तरच. २०२५ साठी एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याची स्टँडर्ड डिडक्शन (त्याऐवजी घेता येणारी ठरावीक सरसकट वजावट) ३१,५०० डॉलर आहे. घराचं कर्ज नसलेली बरीच कुटुंबं त्याच्या जवळपासही जात नाहीत, त्यांना गाडीच्या दानाने करात काही फरक पडत नाही. गाडी चालू स्थितीत असेल आणि ओळखीतला कुणी चांगली किंमत देत असेल, तर ती विकून त्या रकमेचा चेक संस्थेला द्या. मधला वाटा कापला न जाता सगळे पैसे कामाला लागतात. बंद पडलेली, टो करूनच न्यावी लागणारी गाडी असेल, तर मात्र थेट दानच सोयीचं.