स्पंज ओळखायला शिकताना: कंटिकांपासून सुरुवात करा

स्पंजांच्या वर्गीकरणात नव्याने येत असाल, तर रंग आणि आकार बघून नाव ठरवू नका. एकच प्रजाती संथ पाण्यात फांद्या काढते आणि लाटांच्या माऱ्यात खडकावर पातळ थर होऊन बसते. एकाच खडकावरचे केशरी आणि तपकिरी तुकडे मी दोन प्रजाती म्हणून वेगळ्या बाटल्यांत ठेवले होते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींच्या कंटिका, म्हणजे सांगाड्यातले बारीक काटे, मोजमापांसकट जुळल्या.

बहुतेक स्पंजांचा सांगाडा या कंटिकांचा (इंग्रजीत स्पिक्यूल) असतो. त्या चुनखडीच्या असतील तर वर्ग कॅल्केरिया. आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. काचेसारख्या सिलिकेच्या आणि सहा टोकांच्या असतील तर हेक्झॅक्टिनेलिडा. बाकी बहुतेक स्पंज डेमोस्पंजी या वर्गातले. होमोस्क्लेरोमॉर्फा हा चौथा वर्ग 2012 साली त्यांच्यातूनच वेगळा झाला. सगळ्यांना कंटिका असतातच असं मात्र नाही. आंघोळीच्या स्पंजाचा सांगाडा नुसत्या स्पाँजिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा असतो.

कंटिका वेगळ्या करायची रीत सोपी आहे. पृष्ठभाग आणि आतला भाग दोन्ही येतील असा छोटा तुकडा परीक्षानळीत घ्या, ब्लीच घाला. मांस विरघळतं, तळाशी पांढरी भुकटी उरते. ती पाण्याने अनेकदा आणि शेवटी अल्कोहोलने धुवायची. इथे घाई नडते. मोठ्या कंटिका लगेच खाली बसतात. पण 'सी'च्या आकाराच्या किंवा नांगरासारख्या बारीक कंटिका बराच वेळ तरंगत राहतात. मी वरचं पाणी लवकर ओतून टाकलं, त्याबरोबर नांगर वाहून गेले आणि माझा नमुना चक्क वेगळ्याच गणात गेला. आता प्रत्येक धुण्यानंतर मी नळीला तासन्‌तास हात लावत नाही. एखाद-दुसरी विचित्र कंटिका दिसली तर लगेच हुरळूनही जाऊ नका. शेजारच्या स्पंजाच्या कंटिका आत अडकलेल्या असतात.

नमुना अल्कोहोलमध्ये टाकण्याआधी फोटो काढा आणि रंग, वास, बोटाने दाबल्यावरचा लवचीकपणा तिथेच लिहा. रंग पुढे उतरतो. फॉर्मॅलिन टाळा, त्याने डीएनए खराब होतो आणि चुनखडीच्या कंटिका हळूहळू झिजतात.

आणि जिवंत स्पंज एकदा तरी नीट बघा. त्याच्या अंगाजवळ थोडा निरुपद्रवी रंग सोडला की तो बारीक छिद्रांतून आत ओढला जातो आणि थोड्याच वेळात वरच्या मोठ्या तोंडातून धुरासारखा बाहेर पडतो. आतल्या कॉलर पेशींच्या कशाभिका, म्हणजे चाबकासारख्या बारीक शेपट्या, हे पाणी खेळवत असतात.