पुण्यातून बंगळुरूला निघण्याआधी डिपॉझिटचा हिशेब मांडा

पुण्यात वर्षाला 12 लाख मिळतायत, बंगळुरू 14 देतंय, म्हणजे चला बंगळुरूला! इतक्यात बॅग भरू नका.

पॅकेजला बाराने भागून इन-हँड, म्हणजे हातात येणारा पगार, निघत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. 12 लाखांत बेसिक निम्मं, कामगिरीवर मिळणारं व्हेरिएबल 10 टक्के आणि कंपनीचा पीएफ-ग्रॅच्युइटीही त्यातच धरली, तर खात्यात महिन्याला जेमतेम 75 हजार पडतात. प्रोफेशनल टॅक्स दोन्हीकडे किरकोळ.

खरा घोळ भाड्याच्या घराच्या डिपॉझिटचा. पुण्यात वाकड-बाणेरला साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्यावर भागतं. बंगळुरूची जुनी रीत दहा महिन्यांची. आता बरेच घरमालक पाच-सहावर येतात, पण घासाघीस करावी लागते. 25 हजारांचं घर धरा. सहा महिन्यांचे दीड लाख, ब्रोकरचे 25, पहिल्या भाड्याचे 25. चावी मिळेपर्यंत दोन लाख गेले, आणि पगाराचा पत्ता नाही! महिन्याच्या शेवटी रुजू झालात तर त्या महिन्याचं पेरोल बहुधा बंद झालेलं असतं, पगार थेट पुढच्या महिनाअखेरीस. माझी सगळी शिल्लक याच मधल्या दिवसांत संपली आणि बाबांना फोन करावा लागला. डिपॉझिट परत मिळतं, खरंय. पण बिनव्याजी, आणि घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली बहुतेक वेळा एक भाडं कापून. पॅकेजमध्ये वाढलेले दोन लाख पहिल्या वर्षी घर मिळवण्यातच घालायला निघालात, असं समजा.

घाबरू नका, यातून वाट निघते. आधी महिना-दोन महिने पीजीत काढा, मग तिघांत मिळून फ्लॅट घ्या. रिलोकेशनचे, म्हणजे शहर बदलण्यासाठी कंपनी देते ते, पैसे आधी मिळतात की बिलं दिल्यावर, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत करायचे का, हे ऑफर स्वीकारण्याआधीच एचआरला मेलवर विचारा. लाजू नका.

इंटरनेटवरचे खर्चाचे कॅल्क्युलेटर मला बिनकामाचे वाटतात. ऑफिस व्हाइटफिल्डला आहे की इलेक्ट्रॉनिक सिटीला, हे ते विचारतच नाहीत. आणि भाडं, प्रवास, झोप, सगळं त्यावरच ठरतं. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या सीनियरचा सल्लाही नको, तो आता स्वतःच्या घरात राहतो. गेल्या वर्षी गेलेला कुणी गाठा.

आणि डिपॉझिट रोख देऊ नका. बँकेतून पाठवा, रंगकामाची रक्कम करारात आकड्यात लिहून घ्या, आणि सामान आत नेण्याआधी भिंतींचे फोटो काढून घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा.